बेसिनमध्ये गेलेले थेंब

प्रिय शेपटे,

फोन बाजूला ठेवून मी कागद घेतला, यावरूनच तू ओळखलं असशील की काहीतरी बिनसलं आहे. फोनवर मी बोलत सुटते आणि तू पलीकडून ‘हो ताई, हो ताई’ करतेस. हे तसं सांगून भागणार नाही. अक्षर मोठं दिसेल, ओळी उतरत्या वाटतील. हसू नकोस. चौतीस वर्षं टायपिंगच्या वर्गात समास चुकला म्हणून मी मुलींचे मार्क कापले, आणि आज माझाच समास पानाबाहेर चालला आहे.

काचबिंदू ही आपल्या आईची देणगी, हे एव्हाना आपल्याला कळलं आहे. म्हातारपणी ती दारांना धडकायची, कपाच्या शेजारी चहा ओतायची, आणि आपण तिला धांदरट म्हणायचो. मीच जास्त म्हणायचे. माझं निदान झालं तेव्हा त्या पहिल्या डॉक्टरांनी दोन बाटल्या लिहून दिल्या आणि ‘आयुष्यभर’ म्हणाले. कापडाचा रंग जाणार नाही हे दुकानदार ज्या सुरात सांगतो, त्याच सुरात. माझा पाय दाराबाहेर पडायच्या आत पुढच्या पेशंटला हाक.

पहिल्या बाटलीने डोळे लालभडक झाले. मग पापण्यांभोवती कुणी शाईचं बोट फिरवावं तसं काळं पडलं. पापण्यांचे केस इतके वाढले की चष्म्याच्या काचेला घासू लागले. शेजारीण जिन्यात गाठून म्हणाली, “फार रडलेल्या दिसता. घरात सगळं ठीक आहे ना? साहेब काही बोलले का?” मी म्हटलं, “साहेब तीस वर्षांत काही बोललेले नाहीत, आता कुठून बोलतील?” तिला गप्प केलं आणि घरी येऊन आरशासमोर बराच वेळ उभी राहिले.

दुसरी बाटली त्याहून वाईट. थेंब डोळ्यात घालायचा आणि कडू चव घशात उतरायची. सकाळी अकरापर्यंत अंगावर ओली गोधडी घातल्यासारखं जड वाटायचं. आमच्या तीन मजल्यांतल्या दुसऱ्याच मजल्यावर मला पायरीवर बसावं लागायचं, आणि कुणी आलं की मी पिशवीत काहीतरी शोधत असल्याचं सोंग करायचे. तुझ्या भाऊजींनी एकदा मनगट धरून नाडी मोजली. अठ्ठेचाळीस. ते घड्याळ कानाला लावून म्हणाले, “बंद पडलं की काय?” हे सगळं मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी मान वर न करता सांगितलं, “वयाप्रमाणे होतं हो, आजी.”

आजी. मी म्हटलं, “मला नातवंडं नाहीत, डॉक्टर, आणि असती तरी तुमच्याएवढी नसती.” फार टाळ्या पडतील असं वाक्य होतं. पण खोलीत टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं, आणि मी उत्तर न घेताच उठून आले. तक्रार माझी खरी होती, शेपटे. ती अजूनही खरी आहे. दुसऱ्या डॉक्टरांकडे जाऊन तीच तक्रार पुन्हा मांडणं, एवढंच करायचं होतं. त्याऐवजी मी थेंब बंद केले.

तेव्हा कुणालाच सांगितलं नाही. तुझे भाऊजी बाटलीवर नजर ठेवून असतात, म्हणून मी रोज ठरल्या वेळी न्हाणीघरात जायची, कपाटाचं दार वाजवायची आणि दोन-दोन थेंब बेसिनमध्ये सोडायची. महिनाभरात बाटली संपायची, नवी यायची. आठवड्यात मी धावत जिना चढायला लागले. डोळे पांढरे झाले. शेजारणीला मुद्दाम दोनदा दिसले. इतकं बरं वाटत होतं की मला वाटलं, औषधाचाच आजार होता.

मग नजरेच्या चाचणीची तारीख आली. एका डोळ्यावर पट्टी बांधतात, हनुवटी टेकवून मधल्या ठिपक्याकडे बघायला लावतात, आणि आजूबाजूला कुठे उजेडाचा कण चमकला की हातातलं बटण दाबायचं. दर कणाला ते यंत्र हलकंसं टक करतं. तुला माहीत आहे, मी आयुष्यभर मुलींना काय शिकवलं: अक्षरांकडे बघायचं नाही, तालाकडे लक्ष द्यायचं. पट्टीने टेबलावर ठोके द्यायचे आणि बारा-बारा यंत्रं एका सुरात चालायची. तिथे बसल्यावर दोन मिनिटांत मला त्या यंत्राचा ताल सापडला आणि माझा अंगठा आपोआप चालू लागला. उजेड दिसला की दाबत होते, न दिसला तरी दाबत होते. खरं सांगते, फसवतेय असं तेव्हा वाटलं नाही. कसब दाखवतेय असं वाटलं. कागद हातात आला तो जवळजवळ पांढरा, नजर गेल्याचा एकही काळा डाग नाही. डॉक्टरांसाठी न थांबता मी तो घरी आणला आणि तुला फोनवर वाचून दाखवला.

कोपऱ्यात एक ओळ होती, ती मी वाचली नाही. म्हणजे, तुला वाचून दाखवली नाही.

गेल्या महिन्यात आमच्या टायपिंगच्या संस्थेने जुन्या शिक्षकांना बोलावलं होतं. कार्यक्रम संपल्यावर एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली म्हणे. तिने डावीकडून हात पुढे केला, आणि मी तिच्या हातासमोरून सरळ चहाच्या टेबलाकडे निघून गेले. मला ती दिसलीच नाही. सगळ्यांना वाटलं, बाईंनी मुद्दाम केलं. माझी ख्यातीच तशी. ती मुलगी बाहेर जाऊन रडली, हे मला दुसऱ्या दिवशी फोनवर कळलं. मी फोन ठेवला, खुर्चीत बसले, एक डोळा झाकला आणि समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मधोमध नजर ठेवली. मग दुसरा झाकला. कॅलेंडरचा डावीकडचा खालचा कोपरा कुठल्याच डोळ्याला दिसेना.

आता नवीन डॉक्टर आहे. लहान वयाची, कमी बोलणारी. तिने थेंब बंद आहेत का असं विचारलं नाही. “किती महिने बंद आहेत?” असं विचारलं. मी म्हटलं, चौदा. तिने नवी चाचणी घेतली. या वेळी अंगठा मी मुठीत दाबून धरला होता, दिसल्याशिवाय हलू दिला नाही. मग तिने दोन्ही कागद शेजारी ठेवले. जुन्याच्या कोपऱ्यातली ओळ दाखवून म्हणाली, यंत्र मधून मधून नुसतंच टक करतं, उजेड न दाखवता. तुम्ही तिथेही बटण दाबलंय. म्हणून यंत्राने लिहिलं होतं: चाचणी भरवशाची नाही. जन्मभर मी इतरांच्या परीक्षांवर देखरेख केली, आणि एका डब्याने मला कॉपी करताना पकडलं.

गेलेली नजर परत येत नाही, असं तिने स्पष्ट सांगितलं. आहे ती टिकवता येईल. तिने नाडी बघून दुसरी बाटली बदलून दिली, पहिलीच्या जागी कमी झोंबणारी दिली. आणि थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाशेजारचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरायला शिकवलं, म्हणजे औषध घशात आणि अंगात कमी उतरतं. दोन मिनिटं. एवढीशी गोष्ट चौदा महिन्यांपूर्वी कुणी सांगितली नाही म्हणून मी अजून संतापते. मग आठवतं, की ऐकायला मी थांबलेच कुठे होते. डोळे परत लाल झाले आहेत, पूर्वीपेक्षा कमी. शेजारीण विचारते. मी सांगते, औषध आहे.

शाळेत नन आपल्याला सांगायच्या, चूक झाली तर उभं राहून कबूल करायचं. तू रडत रडत उभी राहायचीस. मी कधी राहिले नाही, कारण मी सापडत नसे. आज उभी राहते. आठ महिन्यांपूर्वी थेंबांनी तुझेही डोळे लाल झाले आणि तुझ्या बँकेच्या खिडकीत लोक तुला ‘रडलात का’ विचारू लागले, तेव्हा तू मला विचारलंस, ताई, मी थेंब बंद करू का? मी म्हटलं, कर खुशाल, मी केलेच आहेत, आणि बघ माझा कागद किती पांढरा आहे. ‘हो ताई’ म्हणालीस आणि तो विषय पुन्हा काढला नाहीस. लहानपणी माझ्या मागे मागे फिरायचीस म्हणून मीच तुझं नाव शेपटी ठेवलं. तशीच तू इथेही माझ्या मागे आलीस. हे पत्र मिळेल त्या दिवशीच डॉक्टरांकडे जा. खिडकी बंद ठेव, रजा टाक, काहीही कर. मोठ्या बहिणीने सांगितलं म्हणून थेंब बंद केले, असं तिथे सांग. माझं नाव पुढे करायला कचरू नकोस. त्रास होतो हेही सांग, दोनदा सांग, आणि उत्तर मिळेपर्यंत खुर्चीतून उठू नकोस. चाचणीत जे दिसेल तेवढ्यालाच बटण दाब. मग मला फोन कर. कागदावर काय आलं ते तू वाच, कोपऱ्यातल्या ओळीसकट. या वेळी मी मध्ये बोलणार नाही.

वर्गात उभी असलेली,
तुझीच ताई