डाव्या फुलाला लावलेलं गंध

आबा, खेळातली देवी कौलात हात घालणार, असं शेवटी ठरलं. तुमच्या नातीने काल सकाळी पुण्याहून फोन करून सांगितलं आणि दुपारी तिच्या वरिष्ठांचा मेल आला, त्यातही तेच होतं. दोन ठिकाणांहून खात्री झाल्यावरच बातमी खरी धरायची, ही पेपरातली सवय. निवृत्त होऊन दीड वर्ष झालं तरी ती सुटत नाही.

खेळ म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला हवं. तुमच्या वेळी खेळ म्हणजे गोट्या, नाहीतर होळीतली सोंगं. हा संगणकावर एकट्याने खेळायचा. खेळणारा माणूस म्हणजे मेलेल्याचा जीव. तो चालत चालत एका ओढ्यापाशी येतो. ओढ्यावर लाकडी साकव आहे आणि साकवाच्या तोंडाशी एक देवी बसलेली. पलीकडे जायचं तर तिच्यापुढे कौल लावावा लागतो. जीवाने एक प्रश्न विचारायचा, देवीच्या पाषाणावर दोन ओली फुलं चिकटवायची, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवं आधी पडलं तर साकव पार करायचा, डावं पडलं तर मागे फिरायचं. हे सगळं पोरीने तुमच्या गुरवकीवरून घेतलंय. तिने तुम्हाला पाहिलंही नाही. मी सांगितलं तेवढंच तिला माहीत.

गेल्या गणपतीत ती माझ्याकडे रत्नागिरीत दोन दिवस राहिली, तेव्हा हा विषय निघाला. मी मोदकांची उकड काढत होते आणि ती ओट्याला टेकून उभी होती. "आत्या, सगळ्या गेममध्ये देव तराजू घेऊन बसतो. पाप इकडे, पुण्य तिकडे. आम्हाला ते नकोय. पण आमचा कौल म्हणजे नुसतं नाणं उडवल्यासारखं होतंय. खेळणारे दोनदा खेळतात आणि बंद करतात. आजोबा काय करायचे, की लोक परत परत यायचे?" मी म्हटलं, "लोक आजोबांकडे नाही, देवाकडे यायचे." ती म्हणाली, "हो, पण देवाची मार्केटिंग टीम आजोबाच ना?" तुम्ही हसला असतात. मीही हसले, आणि मग तिला तुमचं एक वाक्य सांगितलं. तुम्ही म्हणायचात, कौल उजवा आला की सगळी माणसं सारखीच, नारळ फोडतात आणि घरी जातात. माणूस कळतो तो डावा आल्यावर. कोण गप्प उठतो, कोण म्हणतो परत लाव, कोण देवाला सोडून गुरवावर डोळे वटारतो. ती उकडीचे हात न बघता मला मिठी मारून गेली. तिथून त्यांचा खेळ बदलला. आता देवी नुसता कौल देऊन थांबत नाही. डावं फूल पडल्यावर जीव काय करतो, ते ती बघत बसते. हीच तिची कसोटी.

इथवर सगळं ठीक होतं. मी महिन्यातून दोनदा त्यांची मराठी वाक्यं तपासून द्यायची, ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी. बरं वाटायचं. घरात दुसरं कोणी नाही, फोन वाजतो तो बँकेचा नाहीतर गॅसवाल्याचा. मग एक दिवस पोरीने विचारलं, "आत्या, आमच्यात भांडण चाललंय. देवी स्वतः कधी हात घालेल का? म्हणजे फूल मुद्दाम पाडेल का? अर्धी टीम म्हणते की मग ती देवी कसली, ती फसवणूक. आजोबांचं यावर काय म्हणणं होतं?"

मी म्हटलं, दोन दिवसांत सांगते. आबा, मी आयुष्यात कुठल्याही मजकुराला उशीर केला नाही. या एका उत्तराला तीन आठवडे लावले.

कारण तो दिवस मला दिसत होता. मी अकरा वर्षांची आहे. परडीत तगरीची फुलं घेऊन तुमच्या मागे गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी उभी आहे, तिथून पुढे मुलींनी यायचं नसतं. देवळात शेजारच्या वाडीतली काकी आलीय, कडेवर पोर, सोबत सासरा. तिचा नवरा बोटीवर कामाला गेला त्याला तीन वर्षं झालीत, पत्र नाही, निरोप नाही. सासऱ्याचा प्रश्न सरळ आहे: मुलगा हयात आहे की नाही? उजवा आला तर वाट बघायची. डावा आला तर दिवस घालायचे आणि सुनेला तिच्या माहेरी पोचवायचं. तुम्ही गाऱ्हाणं घालता, मागची चार माणसं "होय म्हाराजा" म्हणतात. तुम्ही उजवं फूल पाण्यात बुडवून लावता. आणि डाव्या फुलाच्या देठाला, अंगठ्याने, देवाच्या कपाळाचं ओलं गंध लावता. गंधाने फूल घट्ट बसतं. उजवं पडतं. काकी रडते, सासरा नारळ फोडतो.

घरी येताना तुम्ही विचारलंत, "बघितलंस?" मी "हो" म्हटलं. "मग गप बस." एवढंच. त्या आवाजात तुम्ही माझ्याशी आधी कधी बोलला नव्हतात, नंतरही नाही.

मी तेरा वर्षं गप्प बसले. काकीचा नवरा आला नाही. ती काजूच्या कारखान्यात बिया सोलायला जायची, हातांची सालं निघालेली, कपाळावर कुंकू तसंच. मी सुट्टीत घरी आले की ती बांधावर भेटायची, आणि मला तुमचा अंगठा आठवायचा. मग मी रत्नागिरीला पेपरात लागले. रविवारच्या पुरवणीचं एक पान मोकळं होतं आणि कोणाकडेच काही नव्हतं. मी म्हटलं, माझ्याकडे आहे. कौल कसा फिरवतात, फूल कसं अडवतात, एका बाईला खोट्या आशेवर तेरा वर्षं कसं बसवून ठेवलं, सगळं लिहिलं. नाव कोणाचं घातलं नाही. घालायची गरजच नव्हती, पंचक्रोशीत दुसरा कोण होता?

त्या आठवड्यात मी घरी आले. तुम्ही पडवीत पान उलगडून बसला होतात, चष्मा नाकाच्या टोकावर. म्हणालात, "कोणाला विचारलंस?" मी म्हटलं, "विचारायचं काय, मी स्वतः पाहिलंय." तुम्ही म्हणालात, "बरं." पेपराची घडी घातलीत आणि फणस फोडायला गेलात. पुढच्या महिन्यात गावकीची बैठक झाली. कौल लावायचा मान तुमच्याकडून काढून चुलत घराला दिला. तुम्ही देवळात जायचात ते इतरांसारखे, खांबाला टेकून बसायला. मला मात्र दर वर्षी ओले काजूगर यायचे, केळीच्या पानात बांधून, एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती. तुम्ही गेलात त्या वर्षीही आले होते. भाचीला मी सांगून ठेवलंय की गुडघ्यांमुळे तुम्ही मान सोडला. भाऊ तेव्हा लहान होता, मग मुंबईला गेला. त्याने हा विषय माझ्याशी कधी काढला नाही, मीही नाही.

तर त्या तीन आठवड्यांच्या शेवटी मी एसटी पकडून गावी गेले. बातमीची दुसरी बाजू विचारायला. पस्तीस वर्षांनी.

काकी आता थकलीय, पण कान शाबूत आहेत. लेकीकडेच असते. मला बघून म्हणाली, "ये गो बाय. पेपरवाली आली. आता काय लिवणार हाईस माज्यावर?" मी म्हटलं, "लिहायचं नाही, विचारायचंय." "मंग तर नवलच," ती म्हणाली, आणि पाट सरकवला. चहा झाल्यावर मी सरळ विचारलं. त्या दिवशी आबांनी डाव्या फुलाला गंध लावलं होतं, तुला माहीत होतं का?

ती हसली नाही, रागावलीही नाही. म्हणाली, "मीच सांगितलं व्हतं तुज्या बापाशीला. आदल्या दिवशी पान्यावर गाठला त्याला. नवरा नाय येयाचा ते मला ठावं व्हतं गो. बोटीवरचा एकजण सांगून गेलावता मला. सासऱ्याला नाय सांगितलं. पोर इथं ठेवून मला एकलीला म्हायेरी धाडनार व्हते ते. मी म्हटलं, गुरवानू, मला नवरा नको, मला पोर पायजे. कायतरी करा."

मी विचारलं, मग लेख आला तेव्हा तू गावकीत का बोलली नाहीस? "गेलेवते की तुज्या घराला. म्हटलं, मी उभी ऱ्हाते बैठकीत, सांगते खरं काय ते. तर तो म्हनाला, सासरा हयात हाय आणि तुज्या लेकीचं लगीन व्हायचंय, गप ऱ्हा." थोड्या वेळाने तिने आणखी एक सांगितलं. मी विचारलं नव्हतं. "तुला शिव्या घातल्या मी त्याच्यापुढं. तर मलाच बोलला. म्हनाला, माजी लेक खोटं नाय लिवीत. तिनं बघितलंन त्येच लिवलंन."

परतीच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली होती. हातखंबा येईपर्यंत मी बाहेर बघत होते, पण काय पाहिलं ते सांगता येणार नाही.

आबा, मला वाटायचं की तुम्ही देवाच्या नावावर खोटं बोललात. आता वाटतं, सासऱ्याने विचारलेल्या प्रश्नाला देवाकडे उत्तर असेलही, पण ते त्या देवळात कोणाच्याच कामाचं नव्हतं. मुलगा हयात आहे का, हे सासऱ्याचे शब्द. त्याच्याखाली दुसरा प्रश्न होता, पोर कोणाकडे राहणार. तुम्ही त्या खालच्या प्रश्नाला कौल लावलात. आणि त्याची किंमत म्हणून पुढे स्वतःवर डावा आला तेव्हा परत लाव म्हणाला नाहीत. तुमच्याच कसोटीला तुम्ही उतरलात, आणि समोर बघणारी मी होते. मला काहीच दिसलं नाही. याचा अर्थ असा नव्हे की तुमचं सगळं पटतं. दुसरा एखादा गुरव हेच गंध वाईट कामाला लावील, आणि त्याच्यावर लिहायला कोणीतरी हवंच. पण त्या लिहिणाऱ्याने आदल्या दिवशी पाणवठ्यावर काय बोलणं झालं ते आधी विचारायला हवं.

पोरीला मी एवढंच कळवलं: देवी हात घालेल. विचारलेल्या प्रश्नाखालचा प्रश्न तिला ऐकू आला तरच, आणि घातलेला हात ती कोणाला सांगणार नाही, आळ आला तरी. अर्ध्या टीमला ते पटलं नव्हतं, चार मीटिंगा झाल्या म्हणे. आता पटलंय. तुमचं नाव शेवटच्या यादीत येणार आहे, "कल्पनेचा आधार" म्हणून.

मी एक खुलासाही लिहून ठेवलाय, सहा ओळींचा, पेपरात देतात तसा. तो छापता येणार नाही. काकीने जाताना हात धरून सांगितलंय, तिच्या नातवंडांना यातलं काही माहीत नाही. या पत्राचंही तेच. पाकिटात घातलं तरी त्यावर पत्ता काय लिहू?

राहिली पोर. ती रविवारी सकाळच्या गाडीने येतेय, खेळ घेऊन. जेवण झाल्यावर मला समोर बसवील, साकवापर्यंत कसं चालायचं ते दाखवील. त्याआधी तिला गुडघ्यांचं खोटं होतं ते सांगायचं ठरवलंय, लेखाची पिवळी पडलेली घडीही काढून ठेवलीय. तिचा स्वभाव मला ठाऊक आहे. ती आधी सगळं वाचील आणि मग विचारील: आत्या, तू आजोबांना आधी विचारलं का नाहीस? मी म्हणू शकेन की लहान होते, राग होता, घाई होती. तसं काही नव्हतं. विचारलं तर बातमी राहणार नाही, असं मला तेव्हाही वाटत होतं, आणि पान त्या संध्याकाळी छपाईला जायचं होतं.