वळणावरची दोरी

आई,

बाबा गेले. एप्रिलमध्ये, पुण्यात, दुसऱ्या लाटेत. तुम्ही दोघं आता एकत्र असाल, असं मला फोनवर सगळेच सांगतात. पण शर्यतीच्या मैदानावर तुम्हा दोघांना शेजारी शेजारी उभं राहिलेलं मी कधी पाहिलं नाही. तिकडेही ते तुझ्यापासून लांबच, पाण्याचा कॅन घेऊन उभे असतील आणि बातमी तुझ्यापर्यंत पोचलीच नसेल, असं मला वाटतं. म्हणून लिहायला बसले आहे. बसले म्हणजे उभीच आहे. इथे परदेशात, लेटरकेनीतल्या माझ्या स्वयंपाकघरात, ओट्यावर कागद ठेवून. तू गेलीस तेव्हा मी कॉलेजात होते. आता माझी मुलगी हायस्कूलात जाईल एवढी झाली आहे आणि मी अजून तुझं ऐकते, हे बघून तुला हसू येईल.

ते मैदान आता नाही. तिथे कधीच इमारती उभ्या राहिल्या. आपण जायचो तेव्हा गावाबाहेरचा तो नुसता मातीचा माळ होता. चुन्याने आखलेला गोल रस्ता आणि वळणावर खुंटांना बांधलेली काथ्याची दोरी. दोरीच्या पलीकडे मोटारसायकली, अलीकडे आपण, मध्ये काही म्हणजे काही नाही. वळणावर स्वार एक पाय जमिनीवर घासत, गाडी आडवी घालून यायचे आणि मागच्या चाकातून उडालेली माती सगळ्यांच्या तोंडावर. शहाणी माणसं मांडवात खुर्च्यांवर बसायची. तू सुती साडीचा पदर कमरेला खोचून थेट दोरीपाशी जायचीस. तिथे बायका अशा नव्हत्याच. माणसं वळून बघायची आणि तू त्यांच्याकडे ढुंकूनही बघायची नाहीस. एकदा मावशीने तुला विचारलं, की बाईमाणसाला हे कसलं वेड? तेव्हा तू म्हणालीस, "दिवसभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लांबच्या माणसांचे आवाज ऐकते. कोण मेलं, कोण जन्मलं, सगळं कानात. डोळ्यांसमोर काही नाही. आठवड्यातून एकदा काहीतरी जवळून बघू दे मला."

तुझे दोन नियम होते. रस्त्याकडे पाठ करायची नाही आणि खाली बसायचं नाही. एकदा उन्हाने पाय भरून आले म्हणून मी एका दगडावर टेकले, तर तू दंडाला धरून मला उचललंस आणि पाठीत एक धपाटा घातलास. "बसलेल्या माणसाला उठायला वेळ लागतो. गाडी घसरली तर ती थांबणार आहे का तुझ्यासाठी? बसायचं असेल तर जा बाबांपाशी." मी रडले, पण गेले नाही. पुढच्या रविवारी तू माझ्यासाठी पोहायचा निळा चष्मा घेऊन आलीस, डोळ्यांत माती जाऊ नये म्हणून. मला पोहायला येत नव्हतं. तो चष्मा लावून मी दोरीपाशी उभी राहायचे आणि सगळं मैदान मला निळं दिसायचं. जळक्या ऑइलचा वास, छातीत घुमणारा आवाज आणि गाडी समोरून जाताना माझ्या मनगटावर घट्ट होणारी तुझी बोटं. अजूनही कुणी माझं मनगट धरलं की मी आधी पाय सावरते.

आणि बाबा लांब, कडुनिंबाखाली, स्कूटरपाशी. त्यांना आवाजाने धडधडायचं. तू त्यांना चिडवायचीस, "दुरून डोंगर बघावेत हो, शर्यत नाही." ते हसायचे. शर्यत संपली की आपण दोघी मातीने माखून परतायचो. ते कॅन तिरका धरून आपल्या ओंजळीत पाणी घालायचे, तोंड धुऊन झाल्याशिवाय स्कूटरवर बसू द्यायचे नाहीत. मी त्यांना भित्रे समजायचे. तूही समजायचीस, हो ना?

त्यांना दवाखान्यात नेलं तेव्हा दादा त्याच शहरात असून फाटकाच्या आत जाऊ शकला नाही. मग माझी काय कथा? विमानं कधी होती, कधी नव्हती, आणि पोचले असते तरी त्याच फाटकाबाहेर उभी राहिले असते. वॉर्डातली एक सिस्टर दुपारी फोन धरायची. पांढऱ्या पोशाखात तिचं फक्त कपाळ दिसायचं. "ताई, जरा मोठ्याने बोला, मशीनचा आवाज आहे." मी इथे ओट्यापाशी उभी राहून बोलायचे. माझी लेक म्हणायची, "आई, सिट डाउन ना, यू लूक रेक्ड," म्हणजे पार थकलेली दिसतेस. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इथल्या हेलात येतं. मी म्हणायचे, "बसायचं नाही." ती खुर्ची तशीच ओढून ठेवायची.

एक दिवस मी बाबांना म्हटलं, "मी इथे एवढ्या लांब आहे हो." त्यांच्या तोंडावर मास्क होता. दोन शब्द बोलायचे, मग दम लागायचा. म्हणाले, "मी तरी कधी आलो दोरीपाशी?" मग दम घेऊन, "जवळून माती दिसते, बाळा. मला लांबून तुम्ही दोघी दिसायच्या. शर्यत मी कधी बघितलीच नाही." सिस्टरने विचारलं, "काय म्हणतात काका?" मी म्हटलं, "शर्यतीचं बोलतायत." ते आमचं शेवटचं बोलणं.

स्मशानात दादाने फोन उंच धरला होता. तशाच पांढऱ्या पोशाखातली चार अनोळखी माणसं बाबांना घेऊन गेली. दादाला पुढे जाऊ दिलं नाही, मध्ये दोरी बांधली होती. माझ्या फोनच्या पडद्यावर ती आडवी दिसत होती आणि तिच्यापलीकडे धूर. दादा रडत म्हणाला, "दिसतंय का गं?" मी म्हटलं, दिसतंय. मी उभी होते. पाठ केली नाही.

जूनमध्ये आमच्या गावाबाहेरच्या अरुंद रस्त्यांवरून दरवर्षी मोटारींची शर्यत जाते. आजाराच्या साथीमुळे गेल्या वर्षी झाली नाही, यंदाही नाही. शेजारी एक म्हातारा आहे, बायको गेल्यापासून एकटा. बाबांचं कळल्यावर तो दारात ब्राउन ब्रेड ठेवून गेला होता. शर्यतीच्या शनिवारी त्याने कुंपणापलीकडून विचारलं, "येतेस का? काही बघायला नाही, पण मी दरवर्षी जातो." आम्ही गेलो. वळणावर शेताचा उंच बांध आहे. तो आणि त्याची बायको जन्मभर तिथेच उभे राहायचे म्हणे, गाड्यांच्या वाऱ्याने कोट उडेपर्यंत जवळ. "आता सगळीकडे टेप लावतात, लांब उभं करतात," तो म्हणाला. बांधावर आम्ही दोघंच, मध्ये अंतर राखून. खाली रिकामा रस्ता. बऱ्याच वेळाने एक ट्रॅक्टर आला, गवताचे भारे घेऊन, अगदी सावकाश. आणि आई, आम्ही दोघांनीही एक पाऊल मागे घेतलं. एकदमच. मग एकमेकांकडे पाहून हसलो, आणि हसता हसता मला रडू आलं, चांगलं हुंदके देऊन. तो जवळ येऊ शकत नव्हता. टोपी काढून तिथेच उभा राहिला. "यू'र ग्रँड," काही नाही, ठीक आहेस, असं म्हणत राहिला, "यू'र ग्रँड."

परतताना मी त्याला बाबांचं ते बोलणं सांगितलं. तो म्हणाला, शहाणा माणूस होता तुझा बाप. सगळेच असं म्हणतात. दादाला सांगितलं, तो शांत झाला. लेकीला सांगितलं, तिने मला मिठी मारली. मीही ते सांगताना समजूतदार चेहरा करते, की बघा, लांब असणं म्हणजे नसणं नव्हे.

तुला खरं सांगते, कारण हे पत्र कुठे टाकायचं नाही आहे. मला ते पटलेलं नाही. बाबांनी ते माझ्यासाठी म्हटलं, दम नसताना म्हटलं, पण मी तुझी मुलगी आहे. मला लांबून काहीही दिसलं नाही. मला दोरीपाशी उभं राहायचं होतं, त्यांच्या राखेने माझं तोंड माखलं असतं तरी चाललं असतं. आणि माखलंच असतं, तर पाण्याचा कॅन घेऊन कुणी उभं नसतं, हे मला आज पहिल्यांदा कळतंय.