नकार कुणाचा

आई, तू कुणावर पटकन विश्वास ठेवलास असं मला एकदाही आठवत नाही. भाजीवाल्यानं स्वतःहून कोथिंबीर जास्त घातली तर तू तिथंच जुडी सोडून आतली पानं कुजकी आहेत का ते बघायचीस. बाबांच्या रेल्वेच्या ऑफिसातलं कुणी सिकंदराबादहून मिठाईचा डबा घेऊन आलं की ते चपला काढायच्या आत तू मला हळूच विचारायचीस, "यांचं काय काम असेल गं?" सुलतान बाजारात साडी घेताना तू दुकानदाराकडे बघायचीच नाहीस, त्याच्या नोकराकडे बघायचीस, मालक खोटं बोलला की नोकर छताकडे बघतो, हा तुझा सिद्धांत. हे सगळं जसंच्या तसं माझ्यात उतरलं. फरक इतकाच, की तुला यावरून घरात बोलणी बसायची आणि मला याचाच पगार मिळतो. बँकेत कर्जाचे अर्ज तपासण्यात माझा जन्म गेला. समोरचा माणूस फार गोड बोलायला लागला की मी आधी त्याचा अर्ज पुन्हा पहिल्या पानापासून वाचते. पण माझ्या आयुष्यातला सगळ्यात जुना संशय कुठल्या कर्जदारावर नव्हता. तो तुझ्यावर होता.

एक्याण्णव सालानंतरच्या त्या वर्षांत आपल्या शहराला काय झालं होतं, आठवतं ना? सरकारनं दारं उघडली म्हणून वर्तमानपत्रं रोज सांगत होती, आणि हिमायतनगरात खरोखरच नवी नवी दारं दिसायला लागली होती. काळ्या काचेची, आतून थंड हवा सोडणारी. एकेका इमारतीत दोन-दोन फायनान्स कंपन्या. ज्यांनी जन्मात शाळेच्या दाखल्याशिवाय कशावर सही केली नव्हती ते लोक शेअरचे फॉर्म भरत होते. आपल्या नात्यागोत्यात सगळे कोर्टात, शाळेत नाहीतर सरकारी कचेरीत. नोकरी म्हणजे सरकारी, बाकीचे नुसते उद्योग. मी एम.कॉम. झाले होते आणि मला त्या काचेच्या दाराच्या आतली खुर्ची हवी होती. इतकी हवी होती, की बसमधून जाताना मी त्या इमारतीकडे बघायचं मुद्दाम टाळायची, दृष्ट लागेल म्हणून. आणि त्यातल्याच एका कंपनीनं मला मुलाखतीला बोलावलं.

तयारी तू करून घेतलीस. मी पाटावर बसले आहे, तू मेथी निवडते आहेस, आणि सुलतान बाजारातून जुनं आणलेलं मुलाखतीचं गाइड तुझ्या मांडीवर उघडं आहे. तू अडखळत इंग्रजी प्रश्न वाचतेस, आमच्या कंपनीत तुम्हाला का यायचं आहे? मी पाठ केलेलं उत्तर म्हणते, कंपनीच्या प्रगतीत मला हातभार लावायचा आहे वगैरे. तू मान वर न करता म्हणतेस, "खोटं वाटायलंय. मुलगी बघायला आल्यावर मुलगी म्हणते का, मला तुमच्या घराण्याची भरभराट करायची आहे म्हणून? तुला नोकरी पाहिजे, त्यांना माणूस पाहिजे. तेवढंच बोल." शहरातल्या निम्म्या मराठी घरांची लग्नं तू जुळवलेली, तुला मुलाखत आणि मुलगी बघणं यांत काही फरकच दिसत नव्हता. मी तुला लीजिंग समजावून सांगितलं, कंपनी यंत्रं विकत घेते आणि कारखान्याला भाड्यानं देते. तू म्हणालीस, "म्हणजे लग्नातली भांडी. मग त्यासाठी सूट कशाला घालायलेत?" मी हसले होते. त्या पंधरवड्यात आपण दोघी जितक्या हसलो तितक्या पुढं कधी हसलो नाही.

मग तू स्थळाची चौकशी करायला निघालीस. स्थळ म्हणजे ती कंपनी. मी पाया पडले, नको म्हणून. ऐकशील ती तू कसली! वरच्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरांकडे आलोय, जरा टेकतो, असं सांगून तू कंपनीच्या सोफ्यावर बसलीस आणि मला शेजारी बसवलंस. मी पदरानं तोंड झाकायचंच बाकी होतं. तू अर्धा तास नुसती बघत होतीस. बाहेर आल्यावर म्हणालीस, "भिंतीवरचं घड्याळ बंद आहे. आणि एवढी माणसं, पण आपापसात कुणी एक अक्षर बोलेना. ज्या घरात सुना एकमेकींशी बोलत नाहीत, तिथं मुलगी देऊ नये." मी बसमध्ये तुझ्याशी भांडले. कंपनीला सुना नसतात, आई, असं काहीतरी मोठ्यानं ओरडले आणि कंडक्टरसुद्धा वळून बघायला लागला.

मुलाखत चांगली झाली. निदान मला तसं वाटलं. टेबलामागे तिघं होते, त्यातला सगळ्यात तरुण साहेब शेवटी हसून म्हणाला होता, कळवतो. फोन आपल्याकडे नव्हताच; अर्जावर वरच्या मजल्यावरच्या शेजारणीचा, आपल्या खालाचा नंबर दिलेला. एका दुपारी मी घरी आले तर खाला सज्जातून हाका मारते आहे, "अगे बच्ची, कंपनीवालों का फून आया था! तेरी अम्मा बात करे!" मी धावतच आत आले. तू आमटीला फोडणी देत होतीस.

"काय म्हणाले?"

"मी नाही म्हणून सांगितलं."

"काय?"

"नको म्हटलं. मला ती जागा बरी वाटली नव्हती. तुला सांगितलं होतं की."

"पण त्यांनी मला घेतलं होतं?"

तू आमटीवर झाकण ठेवलंस. "घेऊ देत नाहीतर काही करू देत. आपल्याला नको." आणि तू पानं घ्यायला लागलीस.

त्यानंतरचं मी काय काय बोलले ते तुला आठवत असेल. मला आठवायचं नाही. कितीतरी महिने मी तुझ्या हातचा चहा घेतला नाही. तू रोज कप माझ्यापुढं ठेवायचीस आणि निवला की उचलून न्यायचीस. पण त्या रागानं माझं एक काम केलं. मला त्यांनी घेतलं होतं! काचेच्या दारातल्या लोकांनी मला पसंत केलं होतं. आड आली ती माझी आई. पुढच्या मुलाखतीला, म्हणजे या बँकेत, मी मान ताठ करून गेले. आधी कुठं प्रयत्न केलात, असं विचारल्यावर मी कंपनीचं नाव घेतलं आणि म्हणाले, तिथं निवड झाली होती, पण घरच्यांनी चौकशी करून नाही म्हटलं. कसली चौकशी? मी बंद घड्याळ सांगितलं, न बोलणारी माणसं सांगितली. मधले म्हातारे गृहस्थ खुर्चीत मागं रेलून हसले आणि शेजाऱ्याला म्हणाले, हिला कर्जाच्या विभागात टाका. टाकलं.

काही वर्षांनी ती कंपनी बुडाली. तशा बऱ्याच बुडाल्या. सगळे नातेवाईक म्हणाले, हिच्या आईनं बरोबर ओळखलं होतं हो! मला वाटलं, आता तू मिरवशील. तू विषय बदललास, कुणाच्या तरी मुलीच्या मंगळसूत्राचं काढलंस. मला त्याचाही संशय आला. इतकी साधी तू नव्हतीस. मी मनात म्हटलं, ही साळसूदपणा करते आहे; हिला कंपनीचं काही कळलं नव्हतं, हिला फक्त मुलगी घराबाहेर पडायला नको होती. तुझ्या शेवटच्या आजारात मी एकदा विचारलंसुद्धा, त्या दिवशी का नाही म्हणालीस? तू म्हणालीस, "पाणी दे." मी दिलं. मग तू डोळे मिटून घेतलेस, आणि ते झोपेनं मिटले की मला टाळायला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

गेल्या महिन्यात आमच्याकडे मुलाखती होत्या. निवड करणाऱ्यांत मी होते, आणि बाहेरचे जाणकार म्हणून एक निवृत्त गृहस्थ आले होते. जेवताना त्यांनी जुन्या नोकरीचा विषय काढला आणि त्या कंपनीचं नाव घेतलं. मी नीट पाहिलं. तोच, सगळ्यात तरुण साहेब. आता केस पांढरे. मी हसत हसत म्हटलं, तुम्ही मला घेतलं होतं आणि माझ्या आईनं फोनवर तुम्हाला नकार दिला होता, आठवतं? वाटलं, गंमत वाटेल त्यांना. त्यांनी घास खाली ठेवला.

"सुलतान बाजार के पास घर था क्या आपका? ऊपरवालों का फोन था?"

"हो."

"मॅडम, गुस्सा नक्को करो. हम आपको लिए ही नहीं थे. पोस्ट एकीच था, आपका नंबर दूसरा था. अम्मा दो बार फोन करके पूछे थे, इसलिए मैं उलटा फोन किया. 'नै हुआ अम्मा' बोला तो वो पूछे, लेटर निकल गया क्या. फिर बोले, 'लेटर नक्को भेजो साब, बच्ची को मैं बोल लेती.' मैं नया नया था. ऐसा किसी की अम्मा मेरे कू नहीं बोली, ना उसके पहले, ना बाद में."

मी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. कसा ठेवणार, तुझी मुलगी मी. म्हाताऱ्या माणसाची आठवण, त्यात स्वतःला थोडं मोठं करून घ्यायची हौस. दुसरा नंबर तर त्यांनी माझं मन राखायला जोडला असणार. दुपारभर समोरची मुलं काय उत्तरं देत होती ते मला ऐकू आलं नाही. मग एक गोष्ट ध्यानात आली. त्या वर्षी मी जिथं जिथं अर्ज केला तिथून काही ना काही कागद आला, नकाराचा का होईना. फक्त या कंपनीकडून काहीच आलं नाही. निवड झाल्याचंही नाही. लोकांच्या अर्जात काय जोडलेलं नाही हे शोधण्यात माझी हयात गेली, आणि हे मला दिसलं नव्हतं.

आणि मग मला एक घर आठवलं. मी लहान होते, तू मला बरोबर नेलं होतंस. मुलाकडच्यांनी नकार कळवला होता आणि तो सांगायला तू मुलीच्या घरी गेलीस. स्वयंपाकघरात तिच्या आईच्या कानाशी लागून खरं ते सांगितलंस, ती बाई डोळे पुसत होती. मग बाहेरच्या खोलीत येऊन, आतल्या मुलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालीस, "आम्हीच नको म्हटलं हो. सासू फार कडक." मी चिवडा खात सगळं बघत होते. असं तू कितीतरी मुलींसाठी केलंस आणि मला ते ठाऊक होतं. माझ्या वेळी मात्र मी तुझं बोलणं तसंच्या तसं खरं मानलं. आयुष्यात तेवढं एकदाच.

आता मला सगळ्याचाच संशय यायला लागला आहे. माझ्यासाठी सांगून आलेला पुण्याचा तो इंजिनियर, ज्याच्या घरचं वळण तुला आवडलं नाही. मुंबईचा तो, ज्याची पत्रिका जुळली नाही. तुझा पत्रिकेवर विश्वास तरी कधी होता? आणि खाला फोनशेजारीच बसलेली असणार. तिनंही मला कधी कळू दिलं नाही. तुम्ही किती जणी सामील होतात गं?

मला तुझा राग येतो, आई. आधी होता त्याहून वेगळा, पण येतो. तू परस्पर ठरवून टाकलंस, हिला सोसणार नाही म्हणून. माझ्या शिव्या खाल्ल्यास, निवलेले कप उचललेस, पण सांगितलं नाहीस. मला एकदा विचारून बघायचं होतंस. मी काय तुझ्या त्या चिवड्याच्या घरातली मुलगी होते?

हे कुणाला दाखवायचं नाही आणि तुझ्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणून शेवटचं तेवढं लिहून टाकते. दर वर्षी नव्यानं लागलेल्या मुलांना मी ही गोष्ट सांगते, मला त्या कंपनीनं घेतलं होतं आणि माझ्या आईनं घड्याळ बघून नाही म्हटलं. मुलं हसतात, सैल होतात. परवा पुन्हा त्यांच्यापुढं उभी राहिले. या वेळी खरं सांगायचं असं घरून ठरवून गेले होते. वाक्य तोंडाशी आलं, मला त्यांनी घेतलं नव्हतं. आणि मी तीच जुनी गोष्ट सांगितली, तशीच्या तशी, तुझ्या नावावर. मला अजून सोसत नाही गं.