पुलावर नसलेला थेडी टिअर्नन

मी, लेटिशिया प्रेंडरविल, वय एकोणसत्तर, अविवाहित, राहणार नॉकारा, परगणा रॉसकॉमन, हे स्वतःच्या हाताने व कोणाच्याही दडपणावाचून लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. हात मात्र थकला आहे, म्हणून थोडक्यात.

१. आमचे जमीनदारीचे घर सहा वर्षांपूर्वी यादवीत जाळले गेले. उरलेल्या भिंती, बाग आणि मी राहते ते माळ्याचे घर डेलिया मुलव्ही हिला द्यावे. चाळीस वर्षे तिने माझा स्वयंपाक केला आणि माझी एकही कविता वाचली नाही. "वाचायला वेळ कुठे ठेवलात तुम्ही?" असे ती म्हणते. खरे आहे.

२. माझ्या सात कवितासंग्रहांचे हक्क पुतण्या रुपर्ट यास. त्यातून काही मिळणार नाही. त्याचे वडील, म्हणजे माझे बंधू जॉर्ज, यांचे तैलचित्र दुर्दैवाने आगीतून वाचले. तेही त्यानेच न्यावे.

३. 'पुलावरचा थेडी' हे गाणे निनावी छापले गेले आणि परगणाभर गायले जाते. ते माझे आहे. थेडी टिअर्नन आमच्या कारभाऱ्याच्या खुनाबद्दल १८८२ साली फासावर गेला. खून पुलावर झाला; त्या संध्याकाळी त्याला तिथे पाहिले, असे जॉर्जने कोर्टात शपथेवर सांगितले. थेडी त्या वेळी आमच्या अंगणात पंप दुरुस्त करत होता. त्याला चहा मीच नेऊन दिला होता. जॉर्जला हे ठाऊक होते. जेवताना तो एवढेच म्हणाला, "लेटी, घराण्याचा विचार कर."

मी केला. साक्ष द्यायची तिथे मी गाणे लिहिले, आणि त्यातही थेडीला पुलावरच उभे केले, शूर म्हणून. लोक ऐकून रडले तेव्हा मला बरे वाटले होते.

घर जाळायला आलेली माणसे तेच गाणे म्हणत होती. सर्वांत पुढे थेडीचा पुतण्या मॅलकी. त्याने मला हाताला धरून बाहेर आणले, बसायला खुर्ची दिली. तेव्हाही मी बोलले नाही.

४. काल मॅलकीला साक्षीदार म्हणून बोलावले व वरील कलम वाचून दाखवले. त्याने टोपी काढून हातात धरली.

"ते गाणं सुरू झालं की आजी उठून जायची, बाईसाहेब. म्हणायची, माझा पोरगा पुलावर नव्हताच. आम्ही तिलाच गप्प करायचो."

मी लेखणी पुढे केली.

"मी नाही सही करणार. तुम्ही गेल्यावर हा कागद वकिलाच्या कपाटात पडून राहणार. आमची माणसं तिथं वाचायला जाणार होय?"

"मग काय करू?"

"रविवारी प्रार्थना सुटली की चर्चच्या दारात उभ्या राहा. तुमच्या पंथाच्या नाही, आमच्या. आणि वाचा."

"लोक शिव्या देतील."

"देतील की. मी शेजारी असेन."

चुलीपाशी डेलिया होती. "शाल घेऊन जा," एवढेच ती म्हणाली.

सबब कलम तीन माझ्या मरणाची वाट पाहणार नाही. ते मी येत्या रविवारी, सतरा तारखेस, स्वतः वाचणार आहे. बाकीची कलमे मी गेल्यावर अमलात आणावीत.

नॉकारा, १४ नोव्हेंबर १९२९
(सही) लेटिशिया प्रेंडरविल

आम्हा दोघांसमक्ष सही केली:
डॉ. एडगर लॉडर
ऊना कॅफर्की, टपाल कचेरी

मॅलकी टिअर्नन: सही रविवारी, वाचून झाल्यावर.