पत्रिकेचा काळा कोपरा

मुलुंड, सोम. ९ एप्रिल १९५६

लग्नाच्या पत्रिकेवर गणपती नाही. कुलस्वामिनी नाही. काका-मामांची नावं मुंगीएवढी, माझं शोधायला चष्मा लागला. आमच्या सदाने सख्ख्या बहिणीच्या लग्नात ही कलाकारी केली. रागात मीही वर श्री लिहायचं विसरले. श्री.

खालचा कोपरा तर तिरका काळा. मयताच्या पत्राचा फाडतात तसा. म्हटलं, "मेल्या, कुमीचं लग्न आहे की बारावं?" हसतो. फोर्टात जाहिरातींची चित्रं काढून शहाणा झालाय. त्याचा बाप दत्तू, माझाच मुलगा, पण बोलायची हिंमत नाही. सदा सगळ्या पत्रिका पोस्टात टाकून मोकळा.

गुरु. १२

सदाने जर्मन पुस्तक दाखवलं. चौकोन, गोल, तिरक्या रेघा. लढाईआधी तिकडे एक शाळा होती, तिथे हेच शिकवायचे म्हणे. डोळा आधी कुठे न्यायचा ते चित्र काढणाऱ्याने ठरवायचं. विचारलं, चालू आहे का शाळा? बंद पाडली म्हणे. पाडणारच.

दुपारी पत्रिका पुन्हा काढली. काळ्या कोपऱ्यावरून डोळा घसरतो तो थेट लाल गोलावर. गोलात कुमुद, वसंत. दोन्ही नावं एकाच मापाची. दुसरीकडे जातच नाही मेला डोळा.

सोम. १६

कणकवलीच्या जावेचं कार्ड. काळा कोपरा बघून तिने आधी डोक्यावरून आंघोळ केली, मग शेजाऱ्याकडून पत्रिका वाचून घेतली. विचारते, लग्न आहे ते कळलं, पण गेलं कोण?

हसले. तोच घाटकोपरहून विहीणबाईंचा निरोप. पत्रिका अशुभ, मुलाचं नाव मुलीच्या बरोबरीने कसं, गणपती घालून नवी छापा, नाहीतर लग्नाचा फेरविचार. हसू गेलं.

बुध. १८

दत्तू छापखान्यात निघाला तर चपला नाहीत. कुमीने लपवल्या. ही पोर कधी तोंड उघडत नाही. म्हणाली, "माझं नाव एवढं मोठं कुणी लिहिलं नव्हतं, आजी. मला हीच हवी." लग्न मोडलं तर, विचारलं. तरी चपला काढून देईना.

सदा नरमला. नुसता कोपरा काढू म्हणाला, कागदाने झाकून दाखवला. डोळा सैरभैर. म्हटलं, राहू दे.

माझ्या लग्नाला पत्रिकाच नव्हती. तोंडी बोलावणं, अमक्याच्या मुलीचं लग्न म्हणून. असो.

गुरु. १९

एका पत्रिकेला हळदकुंकू लावलं. काळ्यावर हळद काय उठून दिसते! सदाला नाही सांगितलं, चढून बसेल.

दत्तूला चपला मिळाल्या, पण घाटकोपरला जायला. निरोप पाठ करून घेतलाय: नवी छापणार नाही. फेरविचार ज्याचा त्याने करावा. विहीणबाईंनी उत्तर पाठवू नये, दत्तूनेही तिथे हो-नाही करू नये. गोलात नाव वसंताचं आहे. वसंताने इथे यायचं आणि कुमीच्या तोंडावर सांगायचं.