पाच वेळा दाबलेलं बटण

मंगळ. १०
डायलिसिस सेंटरच्या नव्या सिस्टिमची तपासणी आटोपली. मशीन कोणाला, किती वेळ, अंगातलं पाणी किती काढायचं, सगळं आता स्क्रीनवर. एकदम खूप जणांनी वापरली तर टिकते का, ती लोड टेस्टही पास. एक सर्व्हर मुद्दाम पाडला, दुसऱ्याने लगेच सांभाळलं. 'भरवशाची' असा शेरा मारलाय, सही तेवढी राहिलीय. खूश व्हायला हवं. होत नाहीये.

बुध. ११
रजा. आचोळ्याहून जूचंद्रला जाऊन बाबांना डायलिसिसला नेलं. तेच सेंटर! तीन महिने याच्याच सिस्टिमवर काम करतेय, आत पाय आज ठेवला. लाज वाटली. सध्या सिस्टिम ट्रायलवर, जोडीला सगळ्यांचे आकडे लिहिलेली जुनी वही. सिस्टरना विचारलं, स्क्रीन अडकली की काय करता? हसल्या. "काय करणार, दाबत बसतो. मी चार-पाच वेळा, ही दुसरी सिस्टर बाजूच्या कॉम्प्युटरवरून. कोणाचं तरी लागतंच ना!"
माझ्या टेस्टमधली माणसं एकदाच दाबतात आणि शहाण्यासारखी थांबतात. अशी माणसं मी पाहिली तरी कुठे?

गुरु. १२
पुन्हा टेस्ट, पाच-पाच वेळा दाबून. मंदावली की सगळे दाबतात, दाबलं की आणखी मंदावते. पहिला सर्व्हर आडवा. त्याचा भार दुसऱ्यावर, तोही गेला. दोन आहेत म्हणून काळजी नाही, हे मीच लिहिलंय. गाढव आहे मी.

शुक्र. १३
ऑफिसात आमच्या टीमच्या सरांना फोन करून सांगितलं. म्हणे, "असं कोण वापरतं?"
"तुम्ही लिफ्टचं बटण एकदाच दाबता का, सर?"
चिडले. सोमवारी सुरू करायचंच, दुरुस्ती मागाहून. वही त्याच दिवशी बंद. निदान वही तरी राहू द्या म्हटलं, तर "मग सिस्टिम कोण वापरणार?" सही मागितली. 'बघते' म्हणून फोन ठेवला. भित्री!

रवि. १५
सरांचा मेसेज. उद्या नऊपर्यंत सही कर, नाहीतर दुसऱ्या कोणाची घेतो.
जूचंद्रला गेले. उद्या बाबांची पाळी, चुकवून चालणार नाही. त्यांचे सगळे आकडे चिठ्ठीवर लिहून दिले. स्क्रीन बंद पडली तर ही सिस्टरना दाखवा, म्हटलं.
बाबांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ धरून वाचली. "माजं पानी किती काडायचं ते हाय यात. बरं केलंस, बाय. आन् बाजूच्या खाटंवरच्यांचं?"
सिस्टरचा नंबर आहे माझ्याकडे. वही बंद करू नका, एवढं सांगायला दोनदा काढला, लावला नाही. सहीही अजून केलेली नाही.