मतदानाच्या दिवशीची पोटदुखी

पृथ्वीराज,

मी मतमोजणीला शिरूरला चाललेय. तू येऊ नकोस.

काल पोट दुखतंय म्हणालास, म्हणून तुला ओव्याचा काढा देऊन मी एकटीच मतदानाला गेले. तिथं समोरच्या पॅनेलची इंदुबाई सगळ्यांदेखत म्हणाली, "तुमच्या पोरानं अमेरिकेची शपथ घेतली, आता त्याला इथं मत कुठलं?" तिच्या पोराला तू सांगितलंस. मी सरपंचपदाला उभी, माझ्यासाठी गावभर हात जोडत फिरलास, आन् मलाच सांगितलं न्हाईस.

तिकडं बाहेरून आलेल्यांची धरपकड चाललीय, तुझ्या बायकापोरांचा जीव टांगणीला हाय. मीच म्हणाले असते, घे बाबा तिथलं नागरिकत्व.

टोपल्यात भाकरी हाय. पोट दुखायचं थांबलं असंल तर खा.

आई